कॅड शिकवा, पण आधी हातात व्हर्नियर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की एसटी स्टँडच्या भिंतीपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत 'तीन महिन्यांत कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं) शिका' अशा जाहिराती दिसू लागतात. त्याच दिवसांत आयटीआयच्या प्रवेशयादीत 'आरेखक (यांत्रिकी)' आणि 'आरेखक (स्थापत्य)' हे दोन वर्षांचे व्यवसाय असतात, तंत्रनिकेतनाची पदविका असते, काही महाविद्यालयांत कम्युनिटी कॉलेज योजनेतले किंवा बी.व्होक.चे अभ्यासक्रमही असतात. पालक विचारतात, सॉफ्टवेअर तेच तर दोन वर्षं कशाला घालवायची? प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर असं की तीन महिन्यांत कमांड येतात आणि दोन वर्षांत ड्रॉइंग यायला हवं. 'हवं' म्हणतो, कारण दोन वर्षांच्या वर्गातही ते सगळीकडे येतंच असं नाही.

कमांडचं म्हणाल तर रोजच्या कामाला तीस-चाळीस पुरतात. लाइन, पॉलिलाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, मिरर, अ‍ॅरे, ब्लॉक, लेअर, डायमेन्शन, लेआउट, प्लॉट. जिज्ञासू मुलगा किंवा मुलगी हे सगळं मोबाइलवरचे व्हिडिओ बघूनही शिकते. पण ड्रॉइंग म्हणजे चित्र नव्हे. जो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, ज्याला आपण फोनवरही काही समजावून सांगणार नाही, त्याला दिलेली ती लेखी सूचना असते. वाचणारा लेथवरचा टर्नर असेल, लेसर कटिंगवाला असेल, नाहीतर साइटवरचा मुकादम. वर्गात मात्र ती सूचना वाचतात फक्त मास्तर. शीट स्वच्छ आहे, रेषा सरळ आहेत, टायटल ब्लॉक भरलाय, की सही होते आणि फाइल बंद. त्या ड्रॉइंगवरून कोणी काही बनवतच नाही, त्यामुळे त्यातली चूक कोणाला सापडतही नाही. आमचं म्हणणं एवढ्याच मुद्द्यावर आहे, आणि ते उदाहरणं देऊनच सांगावं लागेल.

पट्टीवर पाच भोकं आहेत. डाव्या कडेपासून पहिलं २० मिमीवर, मग प्रत्येक पुढचं २० मिमीवर. विद्यार्थी साखळीने मापं देतो : २०, २०, २०, २०, २०. दिसायला छान. सर्वसाधारण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, ±०.१ मिमी असेल तर प्रत्येक मापाची चूक पुढच्यात मिसळत जाते आणि पाचवं भोक कडेपासून ±०.५ इतकं सरकलं तरी ड्रॉइंगप्रमाणे ते बरोबरच ठरतं. समोरच्या प्लेटवर बोल्ट बसत नाही आणि भांडण सुरू होतं. तीच मापं एका कडेपासून २०, ४०, ६०, ८०, १०० अशी दिली असती तर प्रत्येक भोक आपापल्या ±०.१ मध्ये राहिलं असतं. हे कुठल्याच कमांडमध्ये नाही. सॉफ्टवेअर दोन्ही पद्धती सारख्याच तत्परतेने काढून देतं.

बेअरिंगचं तसंच. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचं आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ मिमी. शाफ्टवर नुसतं 'व्यास २५' लिहून सोडलं तर टर्नर सवयीने दोन-चार शतांश कमीच उतरवतो, कारण जॉब 'बसला पाहिजे'. बेअरिंग हाताने सरकतं, सगळे खूश. मशीन काही दिवस चालल्यावर आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागते आणि शाफ्टच खाते. फिरत्या शाफ्टसाठी तिथे २५ के ६, म्हणजे मापापेक्षा +०.०१५ ते +०.००२ मिमी, असं काहीतरी हवं होतं, आणि बेअरिंग ज्यात बसतं त्या घराला ५२ एच ७, म्हणजे +०.०३० ते ०. ही अक्षरं आणि आकडे कोष्टकात असतात. ती पाठ करायची नसतात, कोष्टक उघडायची सवय लावायची असते. आटे पाडण्याच्या भोकाचंही असंच : 'एम १० टॅप' लिहून शेजारी १० मिमीचं भोक दाखवणारी ड्रॉइंगं वर्गातून सर्रास निघतात. दीड मिमी पिचच्या (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) एम १० साठी ड्रिल ८.५ चं, एम ८ ला ६.८ चं, एम ६ ला ५ चं. दहाचं भोक पाडलं की टॅपला धरायला धातूच उरत नाही.

पत्र्याच्या कामावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा भागांतल्या लहान कारखान्यांत नव्या मुलाच्या हाती पहिलं काम बहुधा हेच येतं. साधी एल ब्रॅकेट घ्या. पत्रा २ मिमी, बाहेरून मापं ५० आणि ३०, आतली त्रिज्या २, वाक ९० अंशांचा. पत्रा किती लांब कापायचा? निम्मी मुलं ८० सांगतात, कारण ५० आणि ३० मिळून ८०. वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मधला एक थर तेवढाच राहतो. लांबी त्या थरावर मोजायची असते. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे ते के फॅक्टर सांगतो. तो ०.४२ धरला तर २ मिमी जाडीत ०.८४, आणि वाकाची लांबी १.५७०८ गुणिले (२ + ०.८४), म्हणजे ४.४६ मिमी. जाडी आणि त्रिज्या वजा जाता सरळ भाग ४६ आणि २६. एकूण ७६.४६. म्हणजे ८० चा तुकडा साडेतीन मिमीने जास्त लांब. वाकवणारा मागचा गेज लावून ५० ची बाजू बरोबर आणतो, आणि उरलेलं सगळं दुसऱ्या बाजूला जाऊन ३० च्या जागी साडेतेहेतीस येतं. काही मुलं आतली मापं मिळवतात, ४८ आणि २८ मिळून ७६. उत्तर जवळ जातं, पण चार वाक असले की ती अर्ध्या मिमीची तूट दोन मिमीच्या घरात जाते.

इथे आणखी एक मेख आहे. ०.४२ हा आकडा काही देवाने दिलेला नाही. डायची (ज्यात पत्रा दाबून वाकवतात त्या साच्याची) व्ही खाच रुंद झाली की आतली त्रिज्या वाढते, पत्र्याचा दर्जा बदलला की के बदलतो. म्हणून जाणकार आधी त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी त्याच डायमध्ये वाकवून बघतो. दोन्ही बाजू बाहेरून मोजायच्या, बेरीज करायची, त्यातून १०० वजा करायचे. बेरीज १०३.५ आली तर त्या पत्र्याला त्या डायवर प्रत्येक वाकामागे ३.५ वजा करायचे, एवढं साधं. पाच मिनिटांचं काम आहे. सॉफ्टवेअरमध्ये शीट मेटलचं टेबल असतं, त्यात हाच आकडा भरायचा. तो न भरता आयता आलेला आकडा वापरला की 'सॉफ्टवेअरने चूक केली' असं ऐकायला मिळतं. शिवाय भोक वाकाच्या फार जवळ ठेवलं तर वाकवताना ते अंडाकृती होतं. भोकाची कड आणि वाक यांत पत्र्याच्या जाडीच्या अडीच पट अधिक आतली त्रिज्या इतकं अंतर ठेवावं, हा ढोबळ नियम. आपल्या ब्रॅकेटला ते ७ मिमी होतं.

तो सपाट आकार डीएक्सएफ (मशीनला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल) करून लेसरवाल्याकडे जातो, तिथे फाइलच्या चुका बाहेर पडतात. पहिली एककाची. सुरुवातीलाच इंचाचं टेम्प्लेट उघडलं गेलं आणि आकडे मिलिमीटरचे टाकले, तर पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही. मशीनकडे जाताना आकार २५.४ पट होतो. उलट झालं तर १०० मिमीची प्लेट चार मिमीची होऊन बसते. मोठी चूक लेसरवाला हसून परत पाठवतो, पण ब्लॉक (तयार ठेवून पुन्हा वापरायचा आकार) एका एककाचा आणि ड्रॉइंग दुसऱ्या एककाचं असलं की फक्त एकाच भोकाचा घोळ होतो आणि तो कोणाच्या नजरेत येत नाही. दुसरी चूक उघड्या टोकांची. ऑब्जेक्ट स्नॅप (रेषेचं टोक नेमकं पकडणारी सोय) बंद ठेवून डोळ्यांच्या अंदाजाने रेषा टेकवली की दोन टोकांत ०.०१ मिमीची फट राहते. कितीही झूम करा, सहज दिसत नाही, पण मशीनच्या सॉफ्टवेअरला तो बंद आकार वाटत नाही आणि ते भोक न कापताच पुढे जातं. तिसरी, एकावर एक पडलेल्या रेषा. कॉपी, मिरर, पेस्ट करताना त्या हटकून होतात. मशीन तीच कड दोनदा कापतं आणि ती जळते. फाइल पाठवण्याआधी जादा रेषा पुसणारी ओव्हरकिल कमांड चालवायची, बाह्यरेषा पॉलिलाइनने जोडून 'क्लोज्ड' आहे ना ते गुणधर्मांत बघायचं, मापं, मधल्या रेषा आणि टायटल ब्लॉक काढून टाकायचे, आणि शेवटी एक ठाऊक असलेलं माप मोजून घ्यायचं. एवढं करणारा मुलगा पहिल्या आठवड्यातच ऑफिसच्या भरवशाचा होतो.

प्रक्षेपाबद्दल, म्हणजे वस्तूची दृश्यं कागदावर मांडण्याच्या पद्धतीबद्दल, एवढंच. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या ड्रॉइंगच्या पुस्तिकेप्रमाणे आपण पहिला कोन वापरतो : वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली. अमेरिका आणि जपान तिसरा कोन वापरतात, तिथे ते वर येतं. पुणे परिसरातल्या वाहन उद्योगात दोन्ही प्रकारची ड्रॉइंगं एकाच टेबलावर येतात. कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये नसेल, किंवा अमेरिकी टेम्प्लेट घेतल्यामुळे चुकीचं आलं असेल, तर उजव्या हाताचा जॉब डाव्या हाताचा बनून येतो. तो कापून सरळ करता येत नाही, भंगारातच जातो.

स्थापत्याकडे वळलं तर जिना हा सगळ्यात चांगला परीक्षक. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३००० मिमी उंची, १८ रायझर (पायरीची उभी बाजू), प्रत्येकी १६६.७. दोन टप्प्यांत नऊ-नऊ. नऊ रायझरना ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) किती? आठ, कारण नववं पाऊल लँडिंगवर (वळणावरच्या सपाट जागेवर) किंवा मजल्यावर पडतं. २५० च्या हिशोबाने आठ ट्रेडची लांबी २०००, त्यात १००० चं लँडिंग, एकूण ३००० मध्ये जिना बसतो. विद्यार्थ्याने अ‍ॅरे करताना नऊ टाकले की २२५० होतात आणि जिन्याच्या खोलीला २५० मिमी कमी पडतात. साइटवर गवंडी काय करतो? लँडिंग ७५० करतो. मग आयुष्यभर त्या घरात कपाट वळत नाही.

खोलीचं माप विटेपासून विटेपर्यंत ३००० दाखवलं असेल तर दोन्ही बाजूंच्या १२ मिमी गिलाव्यानंतर २९७६ उरतात. ड्रॉइंगवर ३००० वाचून सुताराने तेवढंच कपाट केलं तर ते आत जात नाही आणि दोष सुताराला मिळतो. माप कुठून कुठे आहे हे शेजारी दोन शब्दांत लिहिलं असतं तर भागलं असतं. चटई क्षेत्राची गोष्ट तर थेट पैशांची आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, पाइपांसाठीचे उभे शाफ्ट, बाल्कनी, उघडी गच्ची वगळायची असते, पण सदनिकेच्या आतल्या भिंती धरायच्या असतात. खोली-खोलीचं क्षेत्र काढून बेरीज केली की आतल्या भिंती गळतात. ११५ मिमी जाडीची दहा मीटर भिंत म्हणजे १.१५ चौरस मीटर, सुमारे साडेबारा चौरस फूट. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने एकच बंद पॉलिलाइन फिरवून क्षेत्र काढायचं, हे वर्गात पहिल्याच महिन्यात करून घेता येतं.

छपाई हा तर दुर्लक्षितच विषय. ड्रॉइंग खऱ्या मापात, म्हणजे एकास एक काढायचं, आणि स्केल लेआउटमधल्या (छपाईच्या पानावरच्या) व्ह्यूपोर्टला, म्हणजे ड्रॉइंग दिसणाऱ्या चौकटीला द्यायचं, हे अनेक वर्गांत कधी होतच नाही. १:१०० ला कागदावर २.५ मिमीची अक्षरं हवी असतील तर मॉडेलमध्ये ती २५० ची लागतात. ते न कळल्याने अक्षरं एकतर मुंगीएवढी येतात किंवा दारावर बसतात. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे 'फिट टू पेपर'. टायटल ब्लॉकमध्ये १:५० लिहिलेलं, आणि कागदावरचं स्केल भलतंच. ए १ चं ड्रॉइंग ए ३ वर छापलं की लांबी बरोबर निम्मी होते, म्हणजे १:५० चं १:१०० होतं. साइटवर कोणी स्केलपट्टी लावली तर काय होईल ते सांगायला नको. कोपऱ्यात आलेखी मोजपट्टी काढली की कागद लहान-मोठा झाला तरी ती सोबत लहान-मोठी होते.

एक चूक मात्र आम्हाला चूक न वाटता लबाडी वाटते. रेषा ९८ ची आली, माप १०० हवं होतं, तर रेषा दुरुस्त न करता मापाच्या आकड्यावर डबल क्लिक करून '१००' टाइप करायचं. छापील कागद बरोबर दिसतो. त्याच फाइलवरून लेसरला डीएक्सएफ गेलं की जॉब ९८ चा येतो. परीक्षकांना हे पकडायला अर्धं मिनिट लागतं : छापील शीट बाजूला ठेवा, फाइल उघडा, एखादी कड स्ट्रेच कमांडने दहा मिमी ओढा. शेजारचा आकडा बदलला नाही तर शून्य गुण द्या. ही एक चाचणी प्रत्येक परीक्षेत आली तरी वर्षभरात सवयी बदलतील.

आता मागणी. आयटीआयच्या एकाच आवारात आरेखकाचा वर्ग असतो आणि फिटर, टर्नर, वेल्डर, शीट मेटल यांपैकी काही शॉपही असतात. दोघांचा शिकतानाचा संबंध जवळजवळ शून्य. आरेखकाच्या विद्यार्थ्याने काढलेलं ड्रॉइंग फिटरच्या विद्यार्थ्याला द्यावं आणि बोलायला बंदी करावी. फिटरने तोंडी एकही प्रश्न विचारायचा नाही, अडलं तर लाल पेनाने कागदावर लिहायचं. तो लाल कागद म्हणजेच आरेखकाची उत्तरपत्रिका. वर्षातून चार जॉब असे झाले तरी पुरे : एक भोकांची पट्टी, एक वेगवेगळ्या व्यासांच्या टप्प्यांचा शाफ्ट, एक वाकवलेली ब्रॅकेट, एक वेल्डिंगचा स्टँड. स्थापत्यवाल्यांनी आपला एका खोलीचा प्लॅन मैदानावर चुन्याने खऱ्या मापात आखावा. दोरी, टेप, गुण्या एवढं लागतं. एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४ मीटर, कर्ण ५ आला की कोपरा काटकोनात. मग चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते बघायचं. दार कुठल्या बाजूला उघडतं आणि पलंगाला धडकतं का, हे पडद्यावर सहा महिन्यांत कळत नाही, चुन्याच्या रेषेत उभं राहिल्यावर लगेच कळतं. बी.व्होक.च्या चौकटीत श्रेयांकांपैकी बरेचसे कौशल्याच्या भागाचे असतात. ते संगणक कक्षात बसून संपवण्याऐवजी त्यातले काही शेजारच्या कारखान्यात घालवायला जागा आहे.

आणि सुरुवातीचे पाच-सहा आठवडे संगणक बंद ठेवावा. हे ऐकून पालक नाराज होतील. त्या काळात ए २ शीट, मिनी ड्राफ्टर, एक २ एच आणि एक एचबी पेन्सिल, आणि खरा भाग हातात : प्लमर ब्लॉक, सी क्लॅम्प, स्क्रू जॅक. पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे, तो भाग खोलून, ०.०२ मिमीपर्यंत माप दाखवणाऱ्या व्हर्नियर कॅलिपरने, रेडियस गेज आणि पिच गेजने मोजून आधी हाताने कच्चं रेखाटन काढायचं, मग शीट. ओतीव भागाचं माप ४९.७ आलं तर ड्रॉइंगवर ४९.७ लिहायचं की ५०, हा विचार याच वेळी शिकायचा असतो. जाड रेषा ०.५, बारीक ०.२५ हा फरक पेन्सिलीने काढला की मग लेअरचं महत्त्व सांगावं लागत नाही. पूर्वीसारखी दोन वर्षं शीटच घासत बसा असं आमचं म्हणणं मुळीच नाही.

त्रिमितीय मॉडेलिंग, इमारतीचं संगणकी मॉडेल करण्याचं बिम वगैरे जरूर शिकावं, नोकरी त्यावरच मिळते आहे. पण मॉडेल सुंदर आणि त्यातून काढलेलं शीट आपोआप आलेल्या मापांनी गिचमिड झालेलं, असं बघायला मिळतं. कुठलं माप महत्त्वाचं हे मॉडेलला ठाऊक नसतं.

फी भरण्याआधी पालकांनी जाहिरात बाजूला ठेवून वर्ग बघून यावा. संगणक किती हे सगळेच सांगतात. व्हर्नियर किती, ते विचारा. प्लॉटर किंवा निदान ए ३ चा प्रिंटर चालू आहे का, गेल्या तुकडीच्या मुलांनी स्वतः मोजून काढलेली शीट दाखवा म्हणा, आणि त्यावर मास्तरांच्या लाल खुणा आहेत का ते बघा. एकही लाल खूण नसलेली फाइल दाखवली तर ती कोणी वाचलेली नाही. सॉफ्टवेअर अधिकृत आहे का, हेही विचारा. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना मोफत देते आणि तो दरवर्षी नूतनीकरण करता येतो, त्यामुळे चोरीची प्रत देणाऱ्या वर्गाला काही सबब उरत नाही. घरी सरावाला फ्रीकॅड, लिब्रेकॅड पूर्ण मोफत आहेत. द्विमितीय कामाला ८ जीबी रॅमचा जुना संगणकही चालतो. मोठ्या असेंब्लीला १६ जीबी आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं, पण पहिल्या वर्षी त्यासाठी कर्ज काढू नका.

शॉपशी जोडलेल्या या जॉबना खर्च किती, असा प्रश्न संस्थाचालक विचारतील. पट्टी, शाफ्ट आणि स्टँडला लागणारे तुकडे शॉपच्याच भंगाराच्या पेटीत असतात, ब्रॅकेटला २ मिमी पत्र्याची हातभर पट्टी पुरते, आणि मैदानावरच्या खोलीला एक पोतं चुना.

आपले,
आरेखन शिकवणारे आणि आरेखनावरच पोट असणारे काही वाचक,
पुणे व कोल्हापूर